कळमन्याच्या हमालाचा अडकलेला टोंगळा : एका निदानाची पूर्ण हकीकत

नागपुरात पारडीच्या बाजूला माझा हाडांचा दवाखाना आहे. कळमना बाजार जवळ, त्यामुळे हमाल, ठेलेवाले, ट्रकचे क्लीनर यांची ये-जा रोजचीच. त्यांतल्या एका हमालाच्या गुडघ्याची, इकडच्या बोलीत टोंगळ्याची, ही गोष्ट. त्याला विचारून लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पहिल्या भेटीत निदान चुकलं आणि ते माझ्याच हातून चुकलं. चूक नेमकी कुठल्या क्षणी झाली ते मला आता स्वच्छ दिसतं. गुडघे तपासणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला तो क्षण येतो, म्हणून सगळं सविस्तर मांडतो.

वय ३४. सडपातळ, काटक, आधी कधी गुडघ्याची तक्रार नाही. आंबिया बहाराच्या संत्र्याचे दिवस, रात्री ट्रकवर ट्रक लागत होते. ट्रकमध्ये उकिडवं बसून दोन क्रेट एकावर एक धरून तो उठत होता. उजव्या पायाची चप्पल तळाच्या फळ्यांच्या फटीत रुतली. पाय तिथंच राहिला आणि अंग डावीकडे वळलं. "कट्टदिशी वाजलं जी, बोटं मोडल्यावानी," असं त्यानं सांगितलं. तेवढ्यात बसला, उठला, उरलेला माल उतरवला आणि सायकलीवर घरी गेला. सकाळी उठून पाहतो तो गुडघा फुगलेला.

या चार वाक्यांत निम्मं निदान होतं. गुडघा वाकलेला, त्यावर भार, पाऊल जमिनीला खिळलेलं आणि वरून अंगाचा पीळ. मेनिस्कस, म्हणजे गुडघ्याच्या हाडांमधली गादी, फाटायला याहून वेगळं काही लागत नाही. सूजही रात्रभरात आली. पुढचा क्रूशिएट लिगामेंट, म्हणजे हाडांना आतून जोडणारा बंध, तुटला की सांध्यात रक्त साठतं आणि गुडघा बहुतेक वेळा तास-दोन तासांतच टरारून फुगतो. मेनिस्कसच्या आतल्या भागाला रक्तपुरवठा जवळपास नाही, म्हणून तिथली सूज रेंगाळत येते आणि दुसऱ्या दिवशी दिसते. हा नियम दर वेळी तंतोतंत लागू पडतो असं नाही, कडेला फाटलं तर रक्त लवकरही साठतं. तरी "फुगला कधी, लगेच की सकाळी?" हा प्रश्न मी कधी सोडत नाही. त्या दिवशीही विचारला होता, उत्तर केसपेपरवर लिहिलंही होतं.

पहिली भेट, तिसरा दिवस

सोमवार होता, बाहेर बाकांवर जागा नव्हती. तो भिंतीला धरत आत आला. गुडघा गरम, सुजलेला, दुखरा. जेमतेम ७० अंश वाकत होता. दुखापतीनंतर गुडघा ९० अंशांपर्यंत वाकत नसेल तर एक्स-रे काढावा, हा ओटावा नियम. त्याप्रमाणे काढला. हाड शाबूत होतं.

मग मी आतल्या बाजूला चार बोटांनी दाबून पाहिलं. तो कळवळला. मेनिस्कस फाटला आहे का ते पाहणारी मॅकमरे तपासणी केली, म्हणजे गुडघा जेवढा वाकत होता तेवढा वाकवून, पाऊल फिरवून, सरळ करायचा प्रयत्न केला. खटका लागला नाही. लिहिलं : ‘मॅकमरे निगेटिव्ह. आतल्या बाजूच्या लिगामेंटला मुरगळ.’ पट्टी, बर्फ, गोळ्या, आठ दिवस आराम.

मॅकमरे तपासणीत गुडघा पुरता वाकवायचा असतो, टाच कुल्ल्याला लागेल इतका. लिव्हरपूलच्या थॉमस पोर्टर मॅकमरे यांनी १९४२ साली ती सविस्तर लिहिली. तिचा सगळा जीव पूर्ण वाकण्यापासून काटकोनापर्यंतच्या पट्ट्यात आहे, कारण मेनिस्कसचा मागचा भाग हाडांमध्ये चिमटला जातो तो तिथं. ७० अंश वाकणाऱ्या गुडघ्यात तुम्ही त्या पट्ट्यात शिरतच नाही. माझी तपासणी ‘निगेटिव्ह’ नव्हती, ती झालीच नव्हती. पण कागदावर निगेटिव्ह लिहिलं गेलं, आणि पुढचे नऊ दिवस त्या एका शब्दावर गेले.

दुसरी भेट, बारावा दिवस

या वेळी बायको सोबत होती. सूज बरीच उतरली होती, पण तो उजव्या पायाच्या चवड्यावर चालत होता, टाच टेकत नव्हती. "दुखणं कमी हाये, पन टोंगळा सरळच होत नाई जी. अडकल्यावानी वाटते," तो म्हणाला.

मी म्हटलं, "भाऊ, स्नायू आखडले असतील, व्यायामानं मोकळे होतील."

तेव्हा त्याची बायको पुढे आली. "डॉक्टरसाहेब, रात्री हे उताणे झोपले ना, तर यायच्या या टोंगळ्याखालून माहा हात जाते. त्या टोंगळ्याखालून नाई जात." आणि तिनं तपासणीच्या टेबलावर त्याला झोपवून करून दाखवलं. डाव्या गुडघ्याखाली तिची बोटं अडकली. उजव्याखालून तळहात आरपार गेला.

मी खुर्ची ओढून बसलो आणि बाहेर सांगितलं की अर्धा तास कुणाला आत सोडू नका.

सुरुवात निरोगी गुडघ्यापासून केली. हे पहिल्या भेटीत केलं नव्हतं. प्रत्येकाचा गुडघा वेगळा, कुणाचा शून्यावर थांबतो, कुणाचा पाच-दहा अंश मागे जातो. माप घ्यायचं ते त्याच माणसाच्या दुसऱ्या पायावरून. डावा शून्यापर्यंत सरळ होऊन १४० अंश वाकत होता. उजवा २० अंशांवर अडत होता आणि ११० पर्यंतच वाकत होता. वाटीच्या वर १५ सेंटीमीटरवर टेप लावला तर उजवी मांडी दीड सेंटीमीटर बारीक. बारा दिवसांत मांडीचा पुढचा स्नायू एवढा उतरतो, कारण सांध्यात पाणी असलं की तो स्नायू काम टाकतो. पाणी थोडं उरलंही होतं. आतल्या बाजूनं तळव्यानं वर सारलं आणि बाहेरच्या बाजूनं खाली उतरवलं की आतल्या खळग्यात हलकी लाट परत भरून येताना दिसत होती. वाटी दाबून तरंगते का पाहण्यात एवढं थोडं पाणी सापडत नाही. मात्र ही लाट उजेडात पाहावी लागते, दिवा तिरका धरून.

आता मुख्य प्रश्न. गुडघा खरोखर अडकला आहे, की दुखतं म्हणून मांडीमागच्या स्नायूंनी तो धरून ठेवला आहे? दिसायला दोन्ही सारखेच. उपाय मात्र टोकाचे वेगळे.

त्याला पालथं झोपवलं, दोन्ही मांड्या टेबलावर आणि गुडघ्यांपासून खाली पाय हवेत. अंग सैल सोड म्हणालो आणि दहा मिनिटं तसंच राहू दिलं. त्या वेळात त्याच्याशी बाजाराच्या गप्पा मारल्या. लक्ष गुडघ्यावर असलं की स्नायू सुटत नाही. पायाच्या स्वतःच्या वजनानं डावी टाच खाली आली. उजवीही उतरली, २० अंशांवरून १५ पर्यंत. आणि थांबली. मी मांडीच्या मागे बोटं ठेवून पाहिलं, हॅमस्ट्रिंगच्या दोऱ्या आता मऊ होत्या. स्नायूनं जेवढं धरलं होतं तेवढं सोडून दिलं होतं. उरलेले १५ अंश स्नायूचे नव्हते. दोन टाचांच्या उंचीत १२ सेंटीमीटरचं अंतर होतं. पट्टी उभी धरून मोजलं.

टाचेवर अगदी हलका दाब दिला. हाताला जे लागलं ते शब्दांत सांगायचं तर दाराच्या चौकटीत रबराची चप्पल अडकल्यावर दार जसं थोडं दबतं आणि परत येतं, तसं. हाड हाडाला टेकलं तर थांबणं कडक असतं. स्नायूचं थांबणं हळूहळू ताणत जातं. हे मात्र दबून उसळत होतं. वर्गात ‘स्प्रिंगी ब्लॉक’ म्हणून पाठ केलेला शब्द आणि बोटांना जाणवलेली ती उसळी यांत फार अंतर आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी त्या दिवशी फोन करून बोलावलं आणि भाऊची परवानगी घेऊन प्रत्येकाचा हात एकदा, एकदाच, त्या टाचेवर ठेवला.

बोट नेमकं कुठे

उताणा करून गुडघा काटकोनात वाकवला. सांध्याची रेघ शोधायची सोपी जागा म्हणजे वाटीखालच्या दोरीच्या दोन्ही बाजूंचे मऊ खळगे. तिथं अंगठा ठेवायचा आणि मांडीचं हाड आणि नडगी यांच्या मधल्या फटीतून हळूहळू मागे सरकत जायचं. एका वेळी एक बोट, नखाएवढी जागा. दाबताना नजर बोटावर नको, माणसाच्या चेहऱ्यावर हवी. आतल्या बाजूनं अर्ध्या वाटेपर्यंत तो शांत होता. लिगामेंटच्या मागे गेलो तसा भुवया आकसल्या. आणखी बोटभर मागे, आणि त्यानं माझं मनगट धरलं.

लिगामेंटला मुरगळ असती तर दुखरी जागा बहुधा रेघेच्या वर, मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर, नाहीतर खाली नडगीवर असती. तिथं दाबलं, काही नाही. गुडघा ३० अंशांवर ठेवून पाय बाहेर ढकलून ताण दिला. फट उघडली नाही, दुखलं नाही. पहिल्या भेटीत मी चार बोटांनी अख्खी आतली बाजू एकदम दाबली होती. चार बोटांच्या रुंदीत लिगामेंटही येतो आणि रेघही. ‘आतून दुखतं’ एवढंच कळतं, आणि त्याला मी मुरगळ हे नाव देऊन टाकलं.

लॅकमन तपासणी केली. गुडघा २० ते ३० अंश वाकलेला लागतो, याचा आपोआपच तसा होता. मांडी एका हातानं धरून नडगी पुढे ओढली, थांबणं घट्ट लागलं, दोन्ही पायांत सारखं. पुढचा क्रूशिएट शाबूत वाटत होता. ‘वाटत होता’ असं म्हणतो, कारण फाटून आत सरकलेला तुकडा नडगीला पुढे येण्यापासून अडवू शकतो आणि तुटलेला लिगामेंटही शाबूत भासवू शकतो. भूल दिल्यावर ही तपासणी पुन्हा करायची, अशी नोंद केली. खुबा फिरवून पाहिला, मोकळा होता. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या माणसाचं दुखणं खुब्यात निघतं असं वरचेवर होतं, आणि पाहायला वीस सेकंद लागतात.

राहिल्या त्या पिळाच्या तपासण्या. अ‍ॅप्ले यांनी १९४७ साली सांगितलेली पालथं झोपवून, गुडघा काटकोनात ठेवून, टाच दाबत फिरवायची तपासणी. किंवा ग्रीसमधून २००५ साली आलेली थेसली, जिच्यात एका पायावर उभं राहून गुडघा २० अंश वाकवून अंग तीनदा डावी-उजवीकडे फिरवायचं. एरवी थेसली मला आवडते, कारण ती माणसाच्या रोजच्या हालचालीसारखी आहे. पण या गुडघ्यात तुकडा अडकला आहे असं हात सांगत असताना त्यावर भार देऊन पीळ घालणं म्हणजे चिमटलेली गादी आणखी चिमटवणं. दोन्ही केल्या नाहीत. मॅकमरेही नाही. या वेळी केसपेपरवर लिहिलं : ‘मॅकमरे करता आली नाही, गुडघा पूर्ण वाकत नाही.’

या तपासण्यांच्या भरवशाबद्दलही बोलायला हवं. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तर मॅकमरे तपासणीत मेनिस्कस फाटलेल्या दर दहा गुडघ्यांपैकी साधारण सात सापडतात, तीन सुटतात. अ‍ॅप्ले आणि सांध्याच्या रेघेचं दुखणं त्याहूनही थोडे जास्त सोडतात. म्हणून एकट्या कुठल्याही तपासणीवर हो किंवा नाही म्हणू नये. इथं मात्र दुखापतीची रीत, सकाळी आलेली सूज, रेघेवरची एकच दुखरी जागा, दहा मिनिटांनी उरलेले १५ अंश आणि ती उसळी, सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं : आतला मेनिस्कस लांबीत फाटला आहे आणि फाटलेली पट्टी बादलीच्या कडीसारखी उलटून सांध्याच्या मधोमध अडकली आहे.

"फोटोच काढून टाका ना"

त्याचा प्रश्न रास्त होता. "एवढं दाबून पाह्यल्यापेक्षा पहिल्याच दिवशी एमआरआय काहून नाई काढला, साहेब?"

मी त्याला खरं ते सांगितलं. पहिल्या दिवशी नीट तपासलं असतं तर त्याच आठवड्यात काढायला सांगितला असता. पण प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याचा फोटो आधी काढायचा म्हटलं, तर फोटोही फसवतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पन्नाशीपुढच्या सर्वसामान्य लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले होते. २००८ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्यांचा मेनिस्कस फाटलेला दिसला त्यांतल्या ६१ टक्क्यांना आदल्या महिन्यात गुडघा दुखलाही नव्हता. वयानं गादी विरते, जशी धोतराची किनार विरते. माझ्याकडे पंचावन्न-साठीच्या बाया रिपोर्ट घेऊन येतात, त्यावर ‘टिअर’, म्हणजे फाटलेलं, असं असतं आणि कुणीतरी ऑपरेशनची तारीखही दिलेली असते. तपासलं तर दुखणं वाटीचं किंवा झिजेचं निघतं. फिनलंडमधल्या डॉक्टरांनी २०१३ साली झिजेतून फाटलेल्या मेनिस्कसच्या रुग्णांत खरं ऑपरेशन आणि फक्त छिद्र पाडून केलेलं दिखाऊ ऑपरेशन यांची तुलना छापली. वर्षभरानंतर दोन्ही गटांतल्या लोकांना सारखाच आराम होता.

त्याचा गुडघा त्या जातीचा नाही. चौतिशीतला, पीळ बसून फाटलेला, अडकलेला. त्याला फोटो हवाच होता, आणि लवकर. फोटोला विचारायचा प्रश्न आधी हातानं तयार केला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

एमआरआय दुसऱ्या भेटीनंतर तिसऱ्या दिवशी झाला. बाजूनं घेतलेल्या चित्रात मागच्या क्रूशिएट लिगामेंटच्या खाली आणि पुढे, त्याला समांतर आणखी एक काळी पट्टी. ती लिगामेंट नव्हे, उलटून आलेला मेनिस्कस.

घाई कशाची

मेनिस्कसला आम्ही सोयीसाठी गादी म्हणतो, पण गादी म्हटलं की लोकांना ती सपाट वाटते. आतला मेनिस्कस इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा, कडेला जाड आणि आत पातळ होत जाणारा, जणू हाडाच्या गोल टोकाखाली लावलेली पाचर. तो आतल्या लिगामेंटला चिकटलेला असल्यानं बाहेरच्या मेनिस्कसइतका सरकू शकत नाही, म्हणून पीळ बसला की सापडतो. रक्त पोचतं ते फक्त बाहेरच्या कडेला, रुंदीच्या १० ते ३० टक्के भागात. फाटणं त्या कडेत असेल तर टाका घालून जोडता येतं आणि जुळतंही. पण तुकडा दिवसेंदिवस हाडांमध्ये चिरडत राहिला तर त्याची कडा चुरगळते, आकार बिघडतो, आणि मग कापून काढण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. आणि कापून काढलेल्या गुडघ्यात काही वर्षांनी झिजेच्या खुणा दिसतात, हे फेअरबँक यांनी १९४८ सालीच एक्स-रेवरून दाखवलं आहे. चौतिसाव्या वर्षी मेनिस्कस गमावलेल्या हमालाचा पन्नाशीतला गुडघा कसा असेल, हे मला कळमन्यात रोज दिसतं.

एडिंबरोत थॉमस अ‍ॅनंडेल यांनी १८८३ साली मेनिस्कसला पहिल्यांदा टाके घातले ते एका खाणकामगाराच्या गुडघ्यात. ओझं वाहणारे, वाकून काम करणारे गुडघे तेव्हाही हेच होते.

एकोणिसाव्या दिवशी धंतोलीतल्या एका सहकाऱ्यानं दुर्बिणीनं ऑपरेशन केलं, मी शेजारी उभा होतो. भूल चढल्यावर लॅकमन पुन्हा केली, घट्टच. दुर्बीण आत गेली आणि पडद्यावर ती पांढरी पट्टी मधोमध आडवी पडलेली दिसली, कडा थोडी पिंजलेली. बोथट सळईनं ढकलली तशी ती टचकन जागेवर गेली आणि माझ्या डोळ्यांदेखत टाच टेबलाला टेकली. फाट बाहेरच्या लाल कडेत होती. टाके घालता आले.

माझ्या हातून गेलेल्या नऊ दिवसांनी ती कडा पिंजली का, याचं उत्तर मला देता येत नाही. त्याला आणि वहिनींना हे मी तसंच सांगितलं.

सात महिन्यांनी

सहा आठवडे पट्टा होता, वाकवायचं ते ९० अंशांच्या आत. उकिडवं बसणं चार महिने बंद. हे सांगणं सोपं, पाळणं फार अवघड. घरात संडास भारतीय पद्धतीचा होता. त्याच्या मोठ्या भावानं मधोमध भोक पाडलेली लोखंडी खुर्ची वेल्डिंग करून आणली. ओझं सहा महिने नाही म्हटल्यावर घरात काय झालं असेल ते वेगळं लिहायला नको. अडत्यानं त्याला काट्यावर बसवलं, वजन लिहायला. मजुरी कमी, पण रोजची.

गेल्या भेटीत पालथा झोपवून टाचा पाहिल्या, पट्टी लागलीच नाही. दोन्ही मांड्यांच्या घेरात आता अर्ध्या सेंटीमीटरचा फरक आहे. गुडघा १३० अंश वाकला. सांध्याच्या रेघेवर बोट फिरवलं, चेहरा शांत. मग जपून मॅकमरे केली, पहिल्यांदा, पुरेशी वाकवून. पाऊल बाहेर वळवून सरळ करताना मागच्या कोपऱ्यात एक बारीक ‘टिक’ बोटाला लागली. दुखलं का विचारलं. "नाई जी." डाव्या गुडघ्यातही तशीच टिक होती. न दुखणारा खटका पुष्कळ निरोगी गुडघ्यांत असतो. रेघेवर बोट असताना खटका लागला आणि त्याच क्षणी दुखलं, तरच तो मोजायचा.

केसपेपरवर लिहिलं : ‘मॅकमरे केली, १३० अंशांपासून. खटका दोन्हीकडे, वेदना नाही. आणखी तीन महिने उकिडवं बसून ओझं उचलायचं नाही.’ त्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "मृग बहाराच्या मालाले तरी जाऊ देसान का?" मी म्हटलं, आधी तीन महिन्यांनी टाचा पाहू.